होळकरांची थंडी

इंदूरच्या मराठी माणसाजवळ थंडीवरची दोन भाषणं कायम तयार असतात. एक मुंबईच्या पाहुण्यांसाठी आणि एक ग्वाल्हेरच्या. मुंबईकरापुढे मफलर गळ्याभोवती आवळत म्हणायचं, "हे काहीच नाही, परवा यायला हवं होतं. नळाला हात लावला तर बोटं तिथंच राहतील असं वाटत होतं." ग्वाल्हेरकरापुढे शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून म्हणायचं, "थंडी? कुठाय थंडी? आम्ही तर रात्री पंखा लावतो." दोन्ही भाषणं मला तोंडपाठ आहेत. अडचण एवढीच, की एकाचं भाषण दुसऱ्याच्या कानावर पडून चालत नाही. आणि मागच्या डिसेंबरात दादरची आत्या आणि ग्वाल्हेरचे माझे थोरले मेहुणे एकाच सकाळी आमच्याकडे उतरले.

मुंबईकरापुढे थंडी वाढवून सांगणं हा नुसता यजमानधर्म आहे. आलेल्या माणसाला काहीतरी दाखवायला नको का? ग्वाल्हेरकरांचं प्रकरण मात्र जुनं आहे. 1801 साली यशवंतराव होळकर शिंद्यांच्या उज्जैनवर चालून गेले. त्याच वर्षी शिंद्यांचे सर्जेराव घाटगे येऊन इंदूर लुटून गेले. पुढच्या दिवाळीत यशवंतरावांनी थेट हडपसर गाठून शिंदे आणि पेशवे या दोघांनाही एकदम पाणी पाजलं. आता फौजा गेल्या, तोफा गंजल्या, होळकरांच्या गावात शिंद्यांच्या गावच्या मुली सुना म्हणून आल्या (माझी बायकोही त्यातलीच). भांडायला उरलाय तो फक्त पारा. रोज सकाळी हवामान खात्याचे आकडे येतात आणि रोज सकाळी आम्ही हरतो. जानेवारीत इंदूरचा किमान पारा सरासरीनं दहा अंशांच्या आसपास घुटमळतो, ग्वाल्हेरचा त्याच्याही दोन-तीन अंश खाली. थंडीच्या हिशोबात जो खाली तो वर. हा असा एकच व्यवहार मला ठाऊक आहे.

भूगोलही आमच्या बाजूनं साक्ष देत नाही. कर्कवृत्त जातं ते उज्जैनच्याही पलीकडे, महिदपूरकडच्या डोंगला गावावरून. इंदूर त्याच्या दक्षिणेला. म्हणजे शाळेतल्या नकाशाप्रमाणे आम्ही उष्ण कटिबंधात राहतो, आणि तिथे माकडटोपी घालून राहतो. आम्हाला सावरून धरलंय ते माळव्याच्या पठारानं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंची, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दुपारी पंचवीस-सव्वीस अंशांचं छान ऊन असतं, पण सूर्य बुडाला रे बुडाला की जमीन दिवसभराची ऊब आकाशाला परत करून टाकते. एवढ्या तत्परतेनं उसनं फेडणारं इंदुरात दुसरं कोणी नाही. जुन्या रसिकांनी सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची अशी वाटणी करून ठेवली आहे. माळव्याच्या सकाळीबद्दल ते का गप्प बसले, ते जानेवारीत पाच वाजता नळ भरायला उठणाऱ्याला विचारावं.

शिवाय कडाक्याची म्हणतात ती थंडी आमची स्वतःची नव्हेच. भूमध्य समुद्राकडून ढग निघतात, हिमालयात बर्फ टाकतात, आणि ते पुढे सरकले की मागून उत्तरेचा गार वारा सुटतो. तो आधी ग्वाल्हेरला पोचतो, मग उरलासुरला आमच्याकडे. मेहुणे त्याला 'आमचा उष्टा वारा' म्हणतात.

तर स्टेशनवर. आत्या 'अवंतिका'नं आली. उज्जैनलाच तिनं दोन स्वेटर चढवले होते, वर शाल, पायात मोज्यांवर सँडल आणि डोक्याला आतोबांची माकडटोपी. आतोबा जाऊन बारा वर्षं झाली, पण टोपी त्यांनी माथेरानसाठी घेतलेली असल्यानं तिला काही झालेलं नव्हतं. मेहुणे त्याआधी तासभर पोचले होते आणि बिनबाह्यांच्या स्वेटरवर, हाताची घडीसुद्धा न घालता, फलाटावर उभे होते. हातात मुरैन्याच्या गजकेचे दोन डबे. गजक त्यांची आहेच चांगली. पण ती देताना ते "थंडीतच बनते हो, खरी थंडी लागते तिला," असं म्हणतात, आणि मग तो तीळ-गूळ आपल्या घशात अडकतो.

"काय रे, आज किती आहे?" आत्यानं उतरल्या उतरल्या विचारलं.

पेपरात दहा होते. "आठ," मी तिच्या कानाशी म्हणालो.

"आठ?" मेहुण्यांचे कान तिखट. "मग काय, जावईबापू, उन्हाळाच म्हणा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला इंदूरचं पहिलं दर्शन घडलं, कचऱ्याच्या गाडीपाशी. 2017 पासून स्वच्छतेत आमच्या शहराचा डंका वाजतोय, पण त्याची किंमत काय असते ते डंका ऐकणाऱ्यांना कळत नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी येते. ते गाणं ऐकलं की रजईत कितीही ऊब असो, उठावंच लागतं. ओला वेगळा, सुका वेगळा, आणखी काय काय वेगळं. सगळी गल्ली डबे घेऊन रांगेत उभी. कुणी बायकोची शाल पांघरलेला, कुणी लुंगीवर कोट घातलेला. एक निवृत्त प्राध्यापक तर रजईसकटच येतात, शालिवाहन राजासारखे. गाडी गेली की जो तो आपल्या सोंगाकडे बघतो आणि घाईघाईनं घरात पळतो.

"एवढी थंडी आहे तर शेकोटी का नाही करत कुणी?" आत्यानं विचारलं.

"जाळायला काय आहे?" मी म्हणालो. शेकोटीला पालापाचोळा लागतो, फुटकी खोकी लागतात, एखादं मोडकं स्टूल लागतं. ते सगळं आत्ता गाणं म्हणत निघून गेलं. पूर्वी नाक्यावर टायर पेटवून चार माणसं राजकारण करायची. आता नाका लखलखीत आहे आणि राजकारण मोबाइलवर गेलं आहे. चौकात सरकारी लाकडं टाकतात कुठे कुठे, पण सरकारी शेकोटीभोवती मनमोकळं बोलता येत नाही.

मग पेपर. थंडीत इंदूरचे हिंदी पेपर वाचण्याजोगे असतात. पारा त्यांच्याकडे उतरत नाही, 'लुढकतो'. जणू राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरून गडगडत खाली येतो. माणसं 'ठिठुरतात'. मात्र आपल्याला नुसती थंडी वाजून भागत नाही, हवामान खात्यालाही ती वाजावी लागते. आमच्यासारख्या सपाटीच्या प्रदेशात किमान पारा 10 अंशांवर किंवा त्याखाली आला, आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरला, तर ती शीतलहर. रात्र तशी गार असून दुपारही पुरेशी तापली नाही, तर त्याचं नाव 'कोल्ड डे'. चारच अंशांनी उतरला तर तुम्ही आपले कुडकुडत बसा, कागदोपत्री काही झालेलं नाही. शीतलहर जाहीर झाली की शाळांची वेळ पुढे ढकलतात. त्या दिवशी पोरांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो बघून कचेरीत जाणाऱ्या बापांना फार थंडी वाजते.

मेहुण्यांनी पेपर मोठ्यानं वाचला. "ग्वालियर पाच. इंदौर नौ." थोडं थांबून, "नौ!" पहिला नंबर पचमढीचा होता, पण तो नेहमीचाच. पचमढीला आमच्या ओळखीत कुणाचं माहेर नसल्यामुळे त्याचं दुःख होत नाही. तेवढ्यात आत्याच्या मोबाइलवर नाशिकच्या भाचीचा निरोप आला, की निफाडला पारा 5 च्याही खाली गेलाय आणि द्राक्षांची काळजी लागली आहे. उत्तरेची म्हणून जी थंडी आम्ही जन्मभर मिरवली, ती निफाडला आमच्यापेक्षा जास्त निघावी! मेहुणेही जरा गप्प झाले. त्या एका क्षणी होळकर आणि शिंदे एकाच बाजूला होते.

आंघोळीविषयी थोडक्यात. आमच्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, मधला घाट चढून, 1978 पासून. एवढा प्रवास केलेलं पाणी थकून थोडं तरी कोमट व्हायला हरकत नव्हती. मेहुण्यांनी गीझर बंद असतानाच आत जाऊन दार लावलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एकदम "नर्मदे हर!" अशी आरोळी आली, ती परिक्रमा पुरी झाल्यासारखी. तांब्याचा आवाज मात्र एकदाच झाला, हे मी मोजलं. परिक्रमेला निघालेली माणसंही याहून जास्त भिजतात.

खरी थंडी साजरी होते ती अकरानंतर छतावर. छत म्हणजे गच्ची. आम्ही इंदूरचे लोक गच्चीला छत म्हणतो आणि त्यावर पुण्याचे लोक हसतात. उन्हात सतरंजी टाकायची, मटाराचा ढीग ओतायचा आणि पाठ सूर्याकडे करून बसायचं. सूर्य सरकला की सतरंजी सरकवायची, म्हणजे दुपारपर्यंत आपोआप पृथ्वीप्रदक्षिणा होते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, गाजराचा हलवा यांची नावं निघतात, आणि नावं निघाली की डबे निघतात.

"ये, मटार छिलायला बस," आई आत्याला म्हणाली.

"सोलायला," आत्या म्हणाली.

"तेच ते. आणि जरा पाठ तापवून घे."

"तापवून काय, वहिनी? मला ताप नकोय."

आमची मराठी थंडीत अशी पकडली जाते. इकडे आग 'तापतात', तशी आई तापते, उन्हात तापते, सिगडीवर हात तापवते. दादरला माणूस तापला की एकतर भांडण नाहीतर क्रोसिन. तेवढ्यात खालून भाजीवालीची हाक आली, की मटार आता महाग होणार, खेड्यात पाला पडला. आईनं ती बातमी मराठीत जशीच्या तशी सांगितली, "शेतात पाला पडलाय ग. मटार गेला, हरभरा गेला."

"अगं बाई," आत्या हळहळली, "मग झाडून नाही का घेत वेळच्या वेळी?"

पाला म्हणजे इकडे दहिवर, पिकं करपवणारं गोठलेलं दव. तो झाडून निघाला असता तर माळव्यातल्या शेतकऱ्यांनी कधीच केरसुण्या घेतल्या असत्या. मावठं हा एकच शब्द आम्हा सगळ्यांना एकाच अर्थानं कळतो. माळवीत मावठा, मराठीत मावठं. इकडे तो गव्हाला सोन्यासारखा आणि आमच्या वाळवणाला शत्रूसारखा.

आत्याला हवा मानवली होती. उन्हात डोळे मिटून ती म्हणाली, "उगीच नाही कुमार गंधर्व 1948 साली देवासला येऊन राहिले. क्षयातून उठला हो माणूस इथल्या हवेवर."

मी मेहुण्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. देवास आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

"हवा कोरडी, म्हणून आले," मेहुणे शेंग दाणेदार आवाजात फोडत म्हणाले. "थंड आहे म्हणून नाही. आणि जावईबापू, त्यांचे गुरू देवधर, देवधरांचे गुरू पलुसकर, आणि पलुसकर कुठल्या घराण्याचे?"

ग्वाल्हेर घराण्याचे. मी मटार छिलू लागलो.

आणि मग नको होतं तेच झालं. आत्या सहज मेहुण्यांना म्हणाली, "पण तुम्ही काही म्हणा, इथली थंडी भयंकरच हो. हा सांगत होता, नळाला बोटं चिकटतात."

"असं?" मेहुणे म्हणाले. "मला तर सांगत होते, रात्री पंखा लावतो म्हणून."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली जाऊन चहा टाकतो म्हणालो आणि गेलोच. त्या दिवशी मी चारदा चहा टाकला.

घराची अब्रू वाचवायला रात्री सराफा होता. दिवसा जिथे सोन्याचांदीची दुकानं असतात, तिथेच ती बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सगळं शहर तिथं लोटतं. थंडीत सराफ्याचा राजा म्हणजे गराडू. हा एक कंद, आपल्या कोनफळाचा भाऊबंद. सोलताना हाताला खाज, दिसायला ओबडधोबड. पण तुकडे करून तेलात सोडले, बाहेरून खरपूस आतून लोण्यासारखे झाले, वर गराडूचा मसाला आणि लिंबू पिळलं, की त्याच्यासाठी थंडी सहन करावी असं वाटतं. खरं म्हणजे उलटं आहे. गराडू थंडीतच निघतो, म्हणून इंदूरकर ऑक्टोबरपासून थंडीची वाट बघतो. आमच्याकडे पारा कातडीला कळत नाही, जिभेला कळतो. नऊ अंश म्हणजे किती थंडी हे विचारलंत तर नीट सांगता येणार नाही. दोन प्लेट गराडू, एक जिलबी आणि कढईतलं दूध मलई मारके, एवढी असते ती.

गंमत अशी की त्याच थंडीत शेजारी कुल्फी-फालुद्यालाही गर्दी असते. आत्या पाटी वाचून म्हणाली, "मला आपली शिकंजी, हलकंसं काहीतरी." ग्लास आला तो दाट, पिवळसर, सुकामेवा घातलेला आणि बर्फगार. दुधाचा. "लिंबू कुठाय यात?" तिनं चमच्यानं तळ ढवळला. इंदूरची शिकंजी दुधाचीच असते. लिंबू गराडूवर असतं. आत्यानं माकडटोपी हनुवटीखाली सरकवली आणि ग्लास संपवला. मग दुसरा मागवला, पहिल्यात लिंबू नव्हतं याची खात्री करायला.

मेहुणे कुठे दिसेनात. शोधलं तर जिलबीच्या कढईपाशी उभे, दोन्ही तळवे कढईच्या अंगावर पसरलेले.

"दादा, गारठलात?" हिनं विचारलं.

"छे! जिलबीचा आकार बघतोय. ग्वाल्हेरला वेगळा असतो."

त्यांना न दुखवता हिनं माझा मफलर त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो तसाच राहू दिला. म्हणाले, "तुझं मन मोडवत नाही."

परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. आतल्या खोलीत आई आणि ही, मधल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, म्हणून हॉलमध्ये एकीकडे दिवाणावर आत्या, दुसरीकडे गादीवर मेहुणे आणि दोघांच्या मधे मी, तहनाम्यातल्या कलमासारखा. पांघरायला आमच्या जुन्या रजया. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल अशा कापडगिरण्या ज्या गावात भोंगे वाजवत होत्या, त्या गावची रजई आहे ती. पाच-पाच किलो कापूस. पूर्वी दिवाळी झाली की पिंजारी धनुकली वाजवत गल्लीत यायचा आणि अंगणात कापसाचं हिमवर्षण व्हायचं. आयुष्यात आम्ही पाहिलेला बर्फ तेवढाच. ती रजई अंगावर पडली की कूस बदलता येत नाही. ज्या कुशीवर झोपलात त्याच कुशीवर सकाळी उठायचं. मेहुण्यांनी आधी 'एकच पुरे' म्हटलं होतं. थोड्या वेळानं अंधारात त्यांचा हात सरकत आला आणि माझ्या पायथ्याशी घडी करून ठेवलेली जादा रजई हळूच ओढून घेऊन गेला. मी झोपेचं सोंग घेतलं. शत्रू माघार घेत असताना पाठीवर वार करू नये.

सगळं शांत झालं. मग दिवाणावरून आवाज आला.

"अरे बाळ, झोपलास का?"

"नाही ग. दुसरी रजई देऊ?"

"रजया दोन आहेत रे. मोजे आहेत, टोपी आहे. पण झोप नाही लागत."

"मग?"

"पंखा लाव ना जरा. दादरला बारा महिने लागतो. तो आवाज नसला ना, की मला कसंतरीच होतं. आणि तू म्हणालायस ना यांना, रात्री लावता म्हणून?"

गादीवरची रजई एकदम उठून बसली. "जावईबापू," आतून आवाज आला, "खरंच लावता तुम्ही?"

दोनशे वर्षांचा प्रश्न होता. यशवंतराव हडपसरला गेले, मला तर फक्त भिंतीपर्यंत जायचं होतं. उठलो आणि बटण दाबलं. वर्षभराची धूळ आणि डिसेंबरची सगळी गार हवा घेऊन पंखा हॉलमध्ये उतरला.

"एकवर कशाला रे ठेवलास, आवाजच येत नाहीये," आत्या पांघरुणातून म्हणाली. "पाचावर कर."

मी पाचावर केला. आत्याला पाच मिनिटांत झोप लागली. आम्हा दोघांची धारण मात्र रात्रभर पंख्याबरोबर पाचावरच राहिली.